ऑटोबानचे दाखले देणाऱ्यांसाठी

समृद्धी महामार्गावर मोठा अपघात झाला की आमच्या नागपूरच्या गोतावळ्यात दोन तट पडतात. एकाच्या मते रस्ताच सदोष. दुसऱ्याच्या मते रस्ता झकास, आपल्या लोकांनाच चालवता येत नाही. मी फ्रँकफुर्टजवळ राहतो, त्यामुळे साक्षीला मला ओढतात: "तिकडे वेगाला मर्यादाच नाही ना? सांग यांना."

सांगतो, पण आधी बेर्न्ड रोझमायर या जर्मन शर्यतपटूबद्दल.

फ्रँकफुर्ट विमानतळाकडून ए-५ या ऑटोबाननं, म्हणजे जर्मन द्रुतगती महामार्गानं, डार्मस्टाटच्या दिशेला निघालं की मोर्फेल्डनजवळ एका पार्किंगपाशी त्याचं स्मारक आहे. मोटरसायकलच्या शर्यतींतून आलेला हा पोरगा १९३५ साली ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या गाडीत बसला. सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे. भल्याभल्यांना ती गाडी आवरायची नाही. यानं दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, युरोपचं अजिंक्यपद मिळवलं. त्याच वर्षी न्युरबुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर दाट धुक्यात, बाकीचे चाचपडत असताना, तो जिंकला. बायको एली बाइनहॉर्न, स्वतः नामांकित वैमानिक.

२८ जानेवारी १९३८. बर्लिनचं मोटार प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि मर्सिडीजला त्याआधी विक्रम हवा होता. सकाळी वारा पडलेला असताना त्यांच्या चालकानं, काराचिओलानं, याच ऑटोबानवर ताशी ४३२.७ किलोमीटर गाठले. सार्वजनिक रस्त्यावरचा हा वेग २०१७ पर्यंत कुणी मोडला नाही. ऑटो युनियनला उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. दुपार होत आली, वारा उठला, तरी रोझमायर निघाला. झाडी संपून रस्ता उघडा होतो तिथे आडव्या वाऱ्यानं गाडी हलली आणि तो बाहेर फेकला गेला. वय २८, घरी काही आठवड्यांचा मुलगा.

मृत्यूचं कारण म्हणून वारा नोंदला गेला. वारा उठलेला सगळ्यांना दिसत होता. "आज नाही" म्हणण्याचा अधिकार मात्र तिथे कुणाकडे नव्हता, किंवा असलाच तरी कुणी वापरला नाही. दोन कंपन्यांची चुरस आणि तिच्यामागे नाझी सरकारची हौस. रोझमायर एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाचा सदस्य होता, मेल्यावर सरकारनं त्याला वीरपुरुष करून टाकलं. त्याच्या लिंगेन गावात एका रस्त्याला त्याचं नाव दिलं होतं. तिथे त्याच्या संग्रहालयाचा विषय निघाला तेव्हा याच एसएसवरून वाद पेटला. मला तो वाद बरा वाटतो. माणूस अफाट चालवायचा आणि तो त्या राजवटीचाही होता, दोन्ही एकत्र बोललं पाहिजे.

आता समृद्धी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हा वाटेतल्या सोयी पुरत्या उभ्याही नव्हत्या. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. मग महामार्ग संमोहन (सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचं भान हरपणं), टायर फुटणं, चालकाची डुलकी अशी कारणांची यादी आली. अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवण्याचाही प्रकार झाला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. (यावर माझ्या जर्मन सहकाऱ्यांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.)

आणि जर्मनी? ऑटोबानच्या बऱ्याच भागावर आजही मर्यादा नाही, १३० ची नुसती शिफारस आहे. ती सक्तीची करावी यावर इथेही दर निवडणुकीला भांडण होतं आणि वाहन उद्योगापुढे ते विरतं. म्हणजे जर्मन शहाणे आहेत असं समजू नका. पण इथे परवाना काढताना रात्रीचं आणि ऑटोबानवरचं चालवणं वेगळं शिकावं लागतं, चुकीच्या बाजूनं, म्हणजे इथे उजवीकडून, ओव्हरटेक केलं तर दंड होतो, वाहतूक तुंबली की रुग्णवाहिकेसाठी मधली वाट आपोआप मोकळी होते. साडेआठ कोटींच्या आसपास वस्तीच्या या देशात वर्षाला तीनेक हजार माणसं रस्त्यावर मरतात. एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांवर.

तेव्हा माझी साक्ष कुठल्याच तटाला उपयोगी नाही. समृद्धीवरची मर्यादा १२० असावी की १००, यावर खुशाल भांडू. त्याआधी एवढं विचारा: रात्री निघणाऱ्या बसचा चालक किती तास जागा आहे हे कोण तपासतं, आणि तो थकलेला दिसला तर प्रवाशांची आरडाओरड सोसून बस थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे? नागपूरच्या काकांना हा प्रश्न मागच्या आठवड्यात पाठवला. उत्तरादाखल त्यांनी पोर्शेचा व्हिडिओ पाठवला आहे.