वॉर्सा जळत असताना मॉस्कोतला श्रीमंत राजदूत

गडगंज माणसाला राजदूत केलं की आपण चटकन म्हणतो, देणग्या दिल्या असतील, त्याची परतफेड झाली. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत असलेल्या अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांच्याबद्दल वाचत गेले तशी मी या मतावर ठाम राहू शकले नाही.

वडील युनियन पॅसिफिक रेल्वेचे सर्वेसर्वा. स्वतः बँकर, आयडाहोत सन व्हॅलीसारखं स्कीइंगचं ठिकाण वसवणारे. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी त्यांना ब्रिटनला मिळणाऱ्या युद्धमदतीचं काम बघायला लंडनला धाडलं. पर्ल हार्बरची बातमी रेडिओवर आली तेव्हा ते चर्चिलच्याच टेबलावर जेवत होते. ऑक्टोबर १९४३ पासून मॉस्कोत राजदूत.

मला थांबवलं ते ऑगस्ट १९४४ नं. वॉर्सात पोलिश लोक जर्मनांविरुद्ध उठले होते. सोव्हिएत सैन्य शहराच्या पूर्वेला येऊन ठेपलेलं. अमेरिकेची मागणी साधी होती: आमची विमानं शस्त्रं टाकतील, परतीचं इंधन पुरणार नाही, तेवढं तुमच्या ताब्यातल्या युक्रेनमधल्या पोल्टावाला उतरू द्या. तो तळ अमेरिकी विमानं आधीपासून वापरतच होती! तरी नकार. हॅरिमननी सोव्हिएत परराष्ट्र खात्यात जाऊन हुज्जत घातली आणि वॉशिंग्टनला स्पष्ट कळवलं, अडचण विमानांची नाही, हे निष्ठुर राजकारण आहे. स्टालिन दोस्त असताना हे ऐकायला तिकडे कोणाला आवडणार होतं? पगारावर पोट असणारा माणूस इतकं उघड लिहिताना दहादा विचार करतो. त्यांना नोकरीची भीती नव्हती, आणि ती मोकळीक त्यांनी सत्कारणी लावली, याचं मला फार मोल वाटतं. परवानगी मिळाली सप्टेंबरात, एका मोठ्या खेपेपुरती. तोवर शहराचा बराचसा भाग जर्मनांनी परत घेतला होता. टाकलेली बहुतेक शस्त्रं त्यांच्याच हाती पडली.

याच माणसाला १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासात भिंतीवर लागली. आत ऐकण्याचं यंत्र होतं, ते सापडलं १९५२ मध्ये.

पण एक गोष्ट मला खुपते. नोव्हेंबर १९६२ मध्ये हॅरिमन अमेरिकेच्या वतीनं दिल्लीत आले. चीननं नुकताच युद्धविराम जाहीर केला होता, यशवंतराव त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री झाले होते. शस्त्रांची बोलणी करतानाच काश्मीरवर पाकिस्तानशी बोला, असा आग्रह नेहरूंना झाला. वॉर्साची अगतिकता इतक्या जवळून पाहिलेल्या माणसानं आपली अडचण अशी वापरायला नको होती. नेहरूंनी होकार दिला. मे १९६३ पर्यंत चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या, हाती काहीच लागलं नाही.