श्रीमंत व्हायचे असेल, तर इतिहास घ्या

बारावीचा निकाल लागला की पुण्यातील घरोघरी एकच चूक दरवर्षी नव्या उत्साहाने केली जाते : मुलाला संगणक अभियांत्रिकीला घालतात. घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हिशेब मात्र कच्चा असतो. वर्षाला लाख-दीड लाख शुल्क भरून मिळवलेल्या पदवीवर परतावा तो किती सुटणार? तेच अनुदानित महाविद्यालयात कला शाखेचे वर्ष काही हजारांत आटोपते, आणि भांडवलच इतके अल्प असल्यावर पुढे हाती लागणारा एकेक रुपया टक्केवारीत केवढा दिसतो, हे आपल्या ओळखीच्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून पाहावे. तेव्हा आपल्या पाल्याने इतिहास घेऊन बी.ए. करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मी स्वतः त्याच विषयात एम.ए. केले असून माझ्या सांपत्तिक स्थितीला आजवर कोणाची दृष्ट लागलेली नाही.

श्रीमंत या शब्दाविषयी गैरसमज नको. पुण्यात हा शब्द पेशव्यांच्या नावामागे लागत असे आणि त्याचा रोकड शिलकेशी काडीचाही संबंध नव्हता. थोरले बाजीराव श्रीमंत होते, पण कर्जाने आपण किती गांजलो आहोत हे गाऱ्हाणे ते आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना पत्रांतून कळवीत, आणि हे स्वामी स्वतःच त्यांच्या धनकोंपैकी एक होते. उलट दुसऱ्या बाजीरावांनी १८१८ साली राज्य गमावले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना वर्षाला ८ लाखांचा तनखा बांधून दिला आणि १८५१ पर्यंत ते बिठूरला राहून तो घेत राहिले. राज्य वाढवणारा देणेकऱ्यांत आणि घालवणारा निवृत्तिवेतनावर, हा धडा अर्थशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात मिळणार आहे? शनिवारवाडा १७३२ साली १६,११० रुपयांत बांधून झाला. आज तेवढ्याच रकमेत त्या पेठेत एक चौरस फूट तरी पदरात पडेल की नाही, याची मला शंका आहे. पण ही तुलना पदवीधरालाच सुचते, हा पदवीचा लाभ कमी लेखू नये.

पदवी मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्याला पडणारच नाही, कारण त्याचे उत्तर नातेवाईकांपाशी तयार असते : स्पर्धा परीक्षा. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला ५०० गुण असतात, आणि तेवढ्या भरवशावर राज्यभरातून मुले नवी पेठेत आणि सदाशिव पेठेत येऊन राहतात. त्यांच्यावर अभ्यासिका चालतात, मेस चालतात, झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, आणि ज्या खोलीत पूर्वी एक विद्यार्थी राहत असे त्या खोलीत चार खाटा लावून मालक चौघांकडून वेगवेगळे भाडे घेतो. या अर्थव्यवस्थेत आपल्या पाल्याचे स्थान अत्यंत महत्त्वाचे, म्हणजे ग्राहकाचे राहील.

अध्यापनाचा मार्गही खुला आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे, जमल्यास पीएच.डी. करावी आणि मग तासिका तत्त्वावर रुजू व्हावे. यात जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे मानधन मिळते. उन्हाळी सुट्टीत ते मिळत नाही, कारण मे महिन्यात इतिहास घडत नसावा, अशी शासनाची धारणा दिसते.

थोरांचे दाखले हवेत, तर पुण्यात त्यांना तोटा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, गावोगाव दप्तरे शोधत हिंडले आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. पत्नी अकाली गेल्यावर पुन्हा लग्न केले नाही, स्वयंपाक स्वतःचा स्वतः केला, म्हणजे घरखर्चाची बाजू त्यांनी परस्परच निकालात काढली होती. रियासतकार सरदेसाई अधिक व्यवहारी. त्यांनी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी आधी हयातभर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. इतिहासातून काही घडवायचे, तर पगार अन्य ठिकाणाहून यावा, एवढी त्यांची शिस्त आपल्या पाल्याने उचलावी.

खरा पैसा मात्र याहून जवळ आहे. पुण्यात इतिहासावर किती जणांची चूल पेटते, हे एकदा मोजून पाहावे. गृहप्रकल्पाला गडाचे नाव दिले की सातव्या मजल्यावरून डोंगर दिसू लागतो. मंगल कार्यालयात पेशवाई थाटाचा वेगळा दर असतो. फेटे बांधणारे, पगड्या भाड्याने देणारे, मालिकांसाठी दागिने घडवणारे, सगळे सुखाने नांदतात. यांपैकी कोणालाही पदवी विचारली जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण पदवीधराला पुरावा विचारण्याची खोड असते आणि त्या खोडीला बाजारात गिऱ्हाईक नाही.

मला हे एका उपाहारगृहात कळले. मालकांना पेशवेकालीन उपवासाची थाळी काढायची होती आणि तिच्यावर चार ओळी इतिहास हवा होता. मी यादी हाती घेतली. साबुदाण्याचा वडा, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, मिरचीचा ठेचा. मी नम्रपणे निदर्शनास आणले, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले असून साबुदाण्याचे कारखाने आपल्याकडे सेलमच्या बाजूला विसाव्या शतकात निघाले. तेव्हा या थाळीला पेशवेकालीन म्हणण्यापेक्षा कोलंबसकालीन म्हणणे सत्याला धरून होईल. मालक सज्जन होते. त्यांनी मला चहा पाजला. चार ओळी त्यांच्या पुतण्याने लिहिल्या. तो संगणक अभियंता आहे.

तरीही एक कला अशी आहे, की जिच्यासाठी लोक आपण होऊन आपल्या दारी येतील, आणि ती म्हणजे जुन्या कागदांची मोडी लिपी वाचणे. पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. रुमालाची गाठ सोडली की आधी शिंक येते आणि मग अठरावे शतक. ओळीची शिरोरेघ आधीच आखलेली, अक्षरे एकमेकांत गुंतलेली, दोन शब्दांत जागा सोडण्याची चाल नाही. इतकी वर्षे हे वाचणाऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि शासनाला नोंदींच्या आधी वाचणारे शोधावे लागले. भावबंदकीच्या दाव्यांत तर मोडी जाणणाऱ्याला बारमाही मागणी आहे.

माझ्याकडे मुळशीकडून दोन चुलतभाऊ आले. त्यांनी घराण्याची सनद आणली होती. पणजोबांच्या पेटीत सापडलेला तो कागद टिकावा म्हणून त्यांनी लॅमिनेट करून घेतला होता, त्यामुळे ट्यूबलाइटच्या प्रकाशात तो तिरपा धरल्याशिवाय वाचता येईना, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली एक मुंगी कायमची वस्तीला राहिली होती. वाचनाचे पाचशे रुपये ठरले. मी भिंग घेऊन बसलो. ते दोघे सतरंजीवर गुडघे दुमडून, देवासमोर बसावे तसे.

सनद नव्हती. कर्जरोखा होता. त्यांच्या पूर्वजाने सावकाराकडून चाळीस रुपये दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले होते आणि त्यापोटी एक तांबडा बैल गहाण ठेवला होता.

“जमीन किती दिली राजांनी?” धाकट्याने विचारले.

“जमिनीचा उल्लेख नाही. बैल आहे.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्याने आवाज खाली आणून विचारले, “फेडलं का त्यांनी? तसं काय लिवलंय का?” मी पाठ उलटून पाहिली. भरपाईचा शेरा नव्हता. थोरल्याने खिशातून मोबाइल काढला, काही वेळ मान खाली घालून व्याजाचा आकडा काढला आणि मोबाइल घाईने परत ठेवला.

पाचशे त्यांनी दिलेच, वर आणखी एक हजार माझ्या हातात कोंबून थोरला म्हणाला, “सर, हे आमच्या गावात कुणाला सांगू नका. सावकाराचं घर अजून आमच्याच आळीत हाय.” म्हणून गावाचे नाव येथे देत नाही. वाचण्याचे पाचशे आणि न सांगण्याचे हजार, असे अर्ध्या तासाचे दीड हजार रुपये ही माझ्या पदवीची आजवरची सर्वोच्च कमाई आहे, आणि हा दर आपल्या परिचयातील एखाद्या अभियंत्याच्या दराशी ताडून पाहावा. ते गेल्यावर मी त्या तांबड्या बैलाचाच विचार करत बसलो. त्याचे पुढे काय झाले ते शोधायला मंडळात चार दिवस गेलो, आणि जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे त्याच दीड हजारांतून दिले.