प्रकाशाची चिप 'मेंदूसारखा विचार करते'? नाही हो, नीट बघूया

ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की प्रकाशावर चालणारी चिप आलीये, विजेच्या चिपपेक्षा हजारपट फास्ट, वीज लागतच नाही, मेंदूसारखा विचार करते आणि आता जीपीयूची (एआयचे ढीगभर गुणाकार करणाऱ्या नेहमीच्या चिपची) गरज संपली. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे तो असा चुकीचा फिरलेला बघवत नाही.

'हजारपट फास्ट'. सिलिकॉनमध्ये शिरला की प्रकाशच साधारण साडेतीनपट स्लो होतो. खरा फायदा वेगळाच आहे, एकाच वाटेने वेगवेगळ्या रंगांचे सिग्नल एकमेकांत न मिसळता एकदम जातात आणि जाता जाताच गुणाकार होत राहतात, तारेत सारखा चार्ज भरा आणि रिकामा करा हे करावं लागत नाही.

'वीज लागत नाही', हे तर साफ चूक. लेसर कशावर चालणार? शिवाय आकडे प्रकाशात बदलायचे, उत्तर परत विजेत आणायचं, बरीच वीज तिथेच जाते.

आता मेंदूचं. 2019 मध्ये म्युन्स्टर, ऑक्सफर्ड आणि एक्सेटर विद्यापीठांच्या लोकांनी मेंदूच्या धर्तीवर प्रकाशाची चिप केली, तिच्यात न्यूरॉन (मेंदूच्या पेशींसारखे भाग) किती? 4. सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनना जोडणारे दुवे, 60. आपल्या मेंदूत साधारण 8600 कोटी न्यूरॉन! पण काम जबरदस्त आहे. प्रकाशाच्या वाटेवर एका खास पदार्थाचा बारीकसा ठिपका बसवलाय, रीरायटेबल डीव्हीडीत असतो त्याच जातीचा. तो स्फटिक अवस्थेत असला की प्रकाश जास्त शोषतो, लेसरच्या पल्सने वितळून लगेच गार झाला की जास्त प्रकाश आरपार जाऊ देतो आणि वीज गेली तरी तसाच राहतो, म्हणजे शिकलेलं त्या ठिपक्यातच लक्षात राहतं. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाहीये.

आणि जीपीयू? 2017 मध्ये एमआयटीच्या प्रकाशाच्या चिपने बोलण्यातले स्वर ओळखले, 76.7 टक्के बरोबर, तेच काम साध्या कॉम्प्युटरवर 91.7 टक्के. गुणाकार प्रकाशाने केले पण मधली नॉन-लिनिअर स्टेप, म्हणजे आलेल्या सिग्नलला न्यूरॉनने किती प्रतिसाद द्यायचा हे ठरवणं, कॉम्प्युटरवरच करावी लागली, कारण प्रकाशाचे किरण एकमेकांवर सहजासहजी परिणाम करत नाहीत आणि न्यूरॉनला तर असा परिणामच हवा असतो. त्यात प्रकाशाचा एकेक भाग ट्रान्झिस्टरपेक्षा शेकडो पटींनी मोठा, त्यामुळे दाटीवाटीने बसवताही येत नाही. म्हणून सध्या तरी ही चिप जीपीयूच्या शेजारी बसून ठरावीक गुणाकार उचलेल, बाकी काम जीपीयूकडेच.