पायाचं दुखणं

मदरबोर्ड जळलेला एक लॅपटॉप आमच्या कपाटावर दोन वर्षं पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला तेव्हा बायकोनं विचारलं, "भंगारवाल्याला देऊ?" 'दे' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात फराळाला आलेल्या भाच्यानं झाकण उघडून स्क्रीनवर टिचक्या मारल्या आणि निदान केलं, "मामा, पॅनेल चांगलं असणार. आत रास्पबेरी पाय टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे." मग चार चकल्या खाऊन तो पुण्याला निघून गेला.

रास्पबेरी पाय म्हणजे ८५ बाय ५६ मिलिमीटरचा, क्रेडिट कार्डाएवढा अख्खा कॉम्प्युटर. पहिला पाय विक्रीला आला तो २९ फेब्रुवारी २०१२ ला. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला जन्मलेल्या वस्तूनं रोज चालावं अशी अपेक्षा ठेवण्यात चूक माझीच. मी मॉडेल ४ मागवलं, चार जीबी रॅमवालं.

आता पाय आहे, पॅनेल आहे, मधे एक वायर जोडली की झालं, असा माझा समज. पण पायातून चित्र निघतं ते टीव्हीला कळणाऱ्या एचडीएमआय भाषेत आणि जुन्या पॅनेलला कळते फक्त लॅपटॉपच्या पोटातली एलव्हीडीएस. दोघांच्या मधे एक दुभाष्या लागतो, त्याला कंट्रोलर बोर्ड म्हणतात. तो आणायला लॅमिंग्टन रोड गाठला. ठाण्याहून फास्टनं दादर, पूल ओलांडून स्लोनं ग्रँट रोड. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "पॅनल का नंबर?"

"पंधरा पॉइंट सहा इंच," मी आत्मविश्वासानं म्हणालो.

"वो साइज है. नंबर बोलो."

मी मोबाइलमधला स्क्रीनचा फोटो दाखवला. इंटरनेटवरून छापून नेलेल्या रोगांकडे आमचे डॉक्टर ज्या नजरेनं पाहतात, त्याच नजरेनं त्यानं तो पाहिला. नंबर पॅनेलच्या पाठीवर असतो. म्हणजे ग्रँट रोड, दादर, ठाणे, नौपाडा, स्क्रू, पाठ, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रवास उलटा. दुसऱ्या खेपेला त्यानं नंबर पाहून त्या पॅनेलचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमधला प्रोग्रॅम, भरलेला बोर्ड हातात ठेवला आणि त्यावरच्या एका इवल्याशा जंपरवर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपीवर, नखानं टकटक केलं. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा तीन जागा होत्या. "तुम्हारा तीन पॉइंट तीन का है. बारा पे डाला तो पॅनल गया." त्या रात्री मला स्वप्नात जंपर आपोआप सरकताना दिसला.

जोडणी झाली. कंट्रोलरला १२ व्होल्टचा अडॅप्टर, पायाला ५ व्होल्टचा वेगळा, दोन्हींना मिळून एक एक्स्टेन्शन बोर्ड. ही वस्तू मांडीवर घ्यायची तर आधी मांडीला प्लग पॉइंट काढायला हवा होता. बटण दाबलं. पायावरचा हिरवा दिवा लुकलुकला. स्क्रीन मात्र काळाकुट्ट.

या हिरव्या दिव्याची एक भाषा असते. चार वेळा लुकलुकून थांबला तर सुरू होण्याची फाइल सापडत नाही, सात वेळा तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सापडत नाही. मी ओठ हलवत मोजत बसलो होतो. आईला वाटलं जप चालू आहे, म्हणून तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. दिवा कुठल्याच हिशोबात बसत नव्हता, हवा तसा नाचत होता. म्हणजे पाय ठणठणीत. मग कळलं की दोन एचडीएमआयपैकी पॉवरच्या शेजारचं वापरायचं असतं. बदललं. काळं. सेटिंगच्या फाइलमधे रात्री दीडपर्यंत ओळी घातल्या. काळं. नवा ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या त्या ओळी वाचतच नाही, हे दोन दिवसांनी समजलं. सोसायटीच्या कमिटीला लिहिलेल्या पत्रांचंही असंच होतं, पण ते जाऊ दे.

शेजारचे काका डोकावले. "लूज कॉन्टॅक्ट असणार," ते म्हणाले. काकांचं लिफ्ट, गीझर आणि जावयाची नोकरी या तिन्हींबद्दल हेच निदान असतं, त्यामुळे मी फक्त हसलो.

शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर मारा." पॅनेल चित्र काढत असेल पण मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, पेटत नसेल तर असं पाहिलं की चित्र पुसटसं दिसतं. रात्री साडेअकराला हॉलचे दिवे मालवले, पडदे ओढले, जमिनीवर पालथा पडलो आणि टॉर्च मारला. काहीच नाही. कोन बदलला. आणि काळ्या काचेच्या आत, विहिरीच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा, सुरू होतानाचा तो सप्तरंगी चौकोन दिसला! मी "दिसला! दिसला!" असं ओरडलो असणार, कारण आई लाटणं घेऊन बाहेर आली. तिला चोर दिसायला हवा होता, दिसला मुलगा.

दोष कुठे होता? कंट्रोलरवरून पॅनेलला जाणारी सहा तारांची एक वायर असते, तिच्यावर बॅकलाइट पेटतो. ती खोबणीत अर्धीच बसली होती. दाबली, खट् वाजलं, उजेड पडला. काकांना मी हे सांगितलेलं नाही.

स्क्रीन आला आणि त्याच्या कोपऱ्यात एक पिवळी वीजही आली. पायाला दाब कमी पडला, साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की ती चमकते. मी ५ व्होल्ट ३ अँपिअरच्या जागी बायकोच्या मोबाइलचा चार्जर आणि एक सुतळीएवढी बारीक केबल लावली होती. कमांड देऊन विचारलं तर उत्तर आलं झिरो-एक्स-५०००५. यातला शेवटचा पाच म्हणजे दाब आत्ता कमी आहे, पहिला पाच म्हणजे आधीही झाला होता. आईच्या बीपीची डायरी मीच लिहितो, त्यामुळे भाषा लगेच कळली. शिवाय लॅपटॉपच्या बंद खोक्यात पाय तापायचा. ८० अंशांच्या आसपास गेला की पाय स्वतःच वेग कमी करतो.

याच सुमारास डोंबिवलीच्या मावशीचा फोन आला. तो बायकोनं घेतला. मी आतून ऐकत होतो. "नाही हो मावशी, त्यांचं पायाचंच चाललंय. रात्र रात्र जागतात. हो, तापतो ना, चांगलाच तापतो. दाब कमी पडतोय म्हणे. आता पंखा लावणार आहेत." रविवारी सकाळी मावशी महानारायण तेलाची बाटली घेऊन दारात उभी. मी चालत दार उघडलं याचा तिला जरासा रागच आला. ठाण्याला ती कारणाशिवाय येत नाही, त्यामुळे मी सोफ्यावर बसून घोट्याला तेल लावून घेतलं.

इथे थांबायला हवं होतं. पण ब्राउझरमधे पाच टॅब उघडले की पाय धापा टाकायचा, म्हणून रॅम वाढवायचं ठरवलं. ती वाढत नाही. बोर्डावरच डाखलेली असते. रॅम हवी तर नवा पाय घ्या. मग मॉडेल ५ आलं, आठ जीबीवालं. "बाकी सगळं तेच, फक्त बोर्ड बदलायचा," भाचा म्हणाला. मी चारच्या मापानं खोक्याला कानशीनं भोकं पाडली होती. पाचमधे नेटवर्कच्या आणि यूएसबीच्या जागांची अदलाबदल झालेली. हेडफोनचं भोक तर गायबच, म्हणजे खोक्याचं ते एक भोक आता नुसतं वाऱ्याला. विजेची भूकही वाढली, याला ५ अँपिअर लागतात. तीनवर भागवलं तर यूएसबीला सगळं मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि माझी बाहेरची हार्ड डिस्क नुसती कण्हते. बायकोच्या हिशोबाच्या वहीत 'ह्यांचा पाय' असं वेगळं पान आहे. त्याखाली परवा 'दुसरा पाय' सुरू झालं. नव्या लॅपटॉपचा विषय ती काढत नाही. ते जास्त लागतं.

सध्या हा पाच नंबरचा पाय पळतो, एका अटीवर. बिजागरीतून जाणारी पॅनेलची केबल जुनीच आहे आणि तिच्यातली कुठलीतरी तार तुटायला आलीय. झाकण एका विशिष्ट कोनात असलं तरच चित्र टिकतं. पुस्तकं, काडेपेटी, पाट, सगळं टेकवून पाहिलं. नेमका कोन साधला तो हिंगाच्या डबीनं. योगायोगानं आईला पलंगावर पडून कीर्तन बघायला तोच कोन सोयीचा आहे, त्यामुळे लॅपटॉप आता तिचाच.

काल अकराच्या सुमारास बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला लागले आणि स्क्रीन एकदम काळा. मी टॉर्च घेऊन धावलो. काका दारातूनच म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट."

आई म्हणाली, "टॉर्च नको रे. वरणाला फोडणी बसू दे, डबी परत येईल."