बिनाधोतराचा राजकुमार

"मॅडम, तुमच्या घरी रात्री बिनाधोतराचा राजकुमार येते म्हने?"

किराणा दुकानातल्या काकूंनी हे विचारलं तेव्हा दुकानात माझ्या वर्गातली दोन पोरं, त्यातल्या एकाचा बाप आणि दूधवाला एवढी मंडळी हजर होती. मी साखर न घेताच परत आले. त्याला आज चार दिवस झाले. घरात अजून गुळाचा चहा चालू आहे आणि माझा राग काही उतरलेला नाही.

मला ऑनलाइन बॅले बघायचा नाद आहे. 2020 च्या टाळेबंदीत परदेशातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांनी आपले प्रयोग फुकट दाखवले, तेव्हा तो लागला. मी स्वतः आयुष्यात दोन पावलं नाचलेली नाही. वरातीत सगळ्यांच्या पर्स सांभाळायला जी बाई लागते, ती मी. पण पडद्यावर कोणी पायाच्या अंगठ्यावर उभं राहिलं की माझा स्वतःचा पाठीचा कणा ताठ होतो, आणि दिवसभर चौथीच्या वर्गावर ओरडून आल्यावर जिथे कोणीच काही बोलत नाही असा दोन तासांचा कार्यक्रम म्हणजे औषधच.

घरात या औषधाला मान नाही. मागे मी पिना बाउश या जर्मन बाईचा 1975 चा नाच लावला होता. त्यात सगळ्या रंगमंचावर माती पसरलेली असते आणि नाचणारे तिच्यात पडून, लोळून, घामानं चिखल होऊन नाचतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोवण्याहून, म्हणजे शेतात धानाची रोपं लावून, आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "मातीत लोराचे पैसे भेटते का वं? आमच्या बांधीत ये मना तिले." त्याच बाउशबाईंच्या 1978 च्या एका नाचात माणसं डोळे मिटून खुर्च्यांवर आपटत जातात आणि एक जण धावत धावत त्यांच्या वाटेतल्या खुर्च्या हटवत राहतो. तो बघून नवरा म्हणाला, "ही तर आपली ग्रामसभा आहे." बोलून झोपायला गेला. तो शिपाई आहे पंचायतीत, त्याला माहीत असणार.

तर या वेळी मी 'स्वान लेक' या प्रसिद्ध बॅलेचं ऑनलाइन तिकीट काढलं. 840 रुपये. रोवण्याच्या दिवसांत एवढ्या पैशांत किती बायांची मजुरी निघते याचा हिशेब आत्याबाईंनी तोंडी करून दाखवला, तो इथे देत नाही. नियम असा की एकदा बटण दाबलं की 48 तासांत पाहून घ्यायचं. ज्यानं हा नियम केला तो पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यात कधी राहिलेला नाही. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त मागच्या खिडकीत येते. तिथे गजाला सुतळीनं फोन बांधायचा, त्यावरून टीव्हीला नेट द्यायचं, आणि मग खिडकीजवळून कोणी जाऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा. पंचायतीत फायबर इंटरनेटची पेटी लागून किती वर्षं झाली ते विचारू नका. तिच्यावर सध्या सत्काराचे नारळ ठेवतात.

शुक्रवारी रात्री नऊला बटण दाबलं आणि मामाजी आले.

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. हे नवऱ्याचे चुलत काका, म्हणून तेही मामाजी. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्यांच्या घरची लाइन गेली होती आणि त्यांना फोन चार्ज करायचा होता. फोन त्यांनी लावला, खाटेवर बसले आणि उठलेच नाहीत.

मामाजींबद्दल एक सांगायला हवं. तरुणपणी ते खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात नाच्या होते. लुगडं नेसून, घुंगरू बांधून, शाहिराच्या पुढे रात्रभर उभ्यानं. घरात हा विषय काढत नाहीत. मला स्वतःला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही भांडणात.

राजकुमार आला. पांढऱ्या घट्ट पायजम्यात. पायजमाही म्हणवत नाही त्याला, कातडीच ती. मी गाऊनवरची ओढणी झटकन डोक्यावर घेतली. का घेतली, सांगता येणार नाही. लाज त्याला वाटायला हवी होती, तो तिकडे युरोपात, आणि डोकं झाकलं मी इकडे. मामाजींनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"ह्याचं धोतर?"

"तिकडचा पोशाख आहे, मामाजी."

"थंडी असन ना मंग तिकडं तं." आणि थोड्या वेळानं, "बोलून नाई रायला कोनी. गंमत सुरू झाली का पेटी-तबलाच चालू हाये?"

मी गोष्ट सांगितली. जादूगारानं शाप देऊन मुलीची हंसीण केली आहे, रात्री तेवढी ती माणूस होते. राजकुमारानं तिच्यावरच प्रेम करायची शपथ घेतली आणि पाळली तर शाप सुटणार. पण जादूगार आपल्या मुलीला तिच्याच रूपात, काळ्या कपड्यांत घेऊन येतो आणि हा फसतो.

"दोगी बहिनी का?"

"नाही, पांढरी आणि काळी एकच बाई करते."

"एकच?" मामाजी खाटेवरून पुढे सरकले. "पार्टीवाल्यानं पैसे वाचवले." मग जरा रागानंच, "आन् ह्याले वरखू नाई आलं? कपड्याचा रंग बदलला तं? मी रातभरात चार लुगडे बदलो, तरी तीन गावचे लोक मले वरखत."

चुलत सासऱ्यांनी ही गोष्ट माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतःहून काढली. मी काही बोलले नाही. टीव्हीवर चार छोट्या हंसिणी एकमेकींचे हात फुलीसारखे गुंफून आल्या होत्या. चौघींचे पाय एकदम, मान एकदम. मामाजी म्हणाले, "रोवण्यातल्या बाया हायेत. एकीनं घोर केला का चारीच्या चारी बांधीत." आणि लाइन गेली.

शनिवारी दिवसभर लाइन नाही. कुठेतरी झाड पडलं, तार तुटली, माणूस पाठवला, माणूस पोचला, माणसाला शिडी नाही. बिलाची तारीख मात्र यांची एक दिवस चुकत नाही, आणि उशीर झाला तर दंड लागतो. आम्ही चाळीसच्या वर तास लाइनीविना बसलो त्याचा दंड कोणी कोणाला लावायचा? तिकडे माझ्या 840 रुपयांचं घड्याळ चालूच. फोन करायला रेंज नाही, कारण टॉवरलाही लाइनच लागते. हे सगळं विनोदी लिहायला बसले होते मी.

रविवारी संध्याकाळी सव्वासातला लाइन आली. दहाव्या मिनिटाला मामाजी हजर, अंगात धुतलेली बंडी. फोन त्यांचा फुल चार्ज होता, मी पाहिला.

आता तिसरा अंक. काळी हंसीण. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, की आता ही एका पायावर 32 गिरक्या घेईल. 1895 साली सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन नर्तकीनं या नाचात घेतल्या आणि सगळ्यांच्या मागे ते लचांड लावून गेली. तेव्हापासून लोक मोजत बसतात. बुटाच्या टोकाला कापड-कागदाचे थर डिंकानं चिकटवून कडक केलेले असतात, त्यावर तोल. नवा जोड कधी कधी एका प्रयोगातच कामातून जातो.

"घुंगराचं बी तसंच," म्हणत मामाजींनी धोतर वर करून घोटा दाखवला. घोट्याभोवती कातडीचा एक पट्टा काळा, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. तिथे एक केस नव्हता. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खरं तर पाहायला हवं होतं.

ती सुरू झाली. मामाजी मोठ्यानं मोजू लागले. पाच, सहा, सात. "पाय, तिचं मुंडकं मागून येते. आंग आधी फिरते, डोरे एकाच ठिकानी. आमी डफवाल्याच्या टोपीवर डोरे ठेवो. नाई तं भोवंड येते." मी एवढी वर्षं बॅले बघतेय, त्यावर वाचते, हे मला वाचून कळलं होतं. यांना सातव्या गिरकीला दिसलं. मला त्याचा थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू.

सतरा, अठरा, एकोणीस.

आणि ती थांबली. अंगठ्यावर उभी, एक पाय हवेत आडवा, तोंड अर्धवट वळलेलं, आणि तिच्या पोटावर ते पांढरं चक्र गरगर फिरायला लागलं.

"हे तिची जादू का?"

"नाही मामाजी, नेट अडकलं."

"अवं मंग पोरगी एका पायावर हाये ना!" मामाजी उभेच राहिले. "पाय भरून येईन तिचा. घाई कर सूनबाई!"

मी खिडकीकडे धावले. तिथे फोनच्या अगदी खाली नवऱ्याची मोटारसायकल लावलेली, तिच्यावर शेजारचा पोरगा बसून व्हिडिओ कॉलवर बोलतोय. आमच्याच खिडकीची रेंज सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याला हाकललं, फोन सोडला, उंच धरला, बांबूला बांधला. आतून मामाजींचा आवाज येतच होता. आधी मला, "झालं का?" आणि मग टीव्हीकडे तोंड करून, फार हळू, "थांब माय, येऊन रायली ते." तीस मिनिटं गेली. ती हसत उभी होती. ही सगळ्यात वाईट गोष्ट, ती हसत होती.

नऊला पडदा काळा झाला आणि इंग्रजीत अक्षरं आली, की तुमची पाहण्याची मुदत संपली आहे.

"का म्हन्ते?"

"संपलं म्हणतेय."

"तेरा रायले ना अजून!" मग बसले, पाणी मागितलं. "शेवट का होते? मरते का जगते?"

आता पंचाईत अशी की 'स्वान लेक'चा शेवट जो तो आपापला करतो. काही प्रयोगांत दोघं तळ्यात जीव देतात, काहींत शाप सुटून सुखी होतात. पहिला प्रयोग मॉस्कोत 1877 ला झाला. मी तसं सांगितलं.

"म्हंजे तवापासून शेवट ठरलाच नाई?" मामाजींनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, नाटक रात्री अकराला उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, पण शेवट झाल्याशिवाय कोणाला घरी सोडत नाहीत.

मग सोमवारी सकाळी ते पारावर गेले. किराण्यातलं प्रकरण तिथून आलं. नुसतं राजकुमाराचं धोतर नाही, अख्खा खेळ त्यांनी उभा केला म्हणतात. लुंगी खोचून, काठीचा आधार घेऊन, पाय वर धरून ती मुलगी करून दाखवली. बाया भांडी टाकून आल्या होत्या. मी तेव्हा शाळेत पाढे घेत होते. पैसे भरले मी, मुदत गेली माझी, आणि तो सगळा नाच मला सोडून गावानं पाहिला. शेवटही ठरला आहे म्हणे, पण नवरा सांगत नाही, "मामाजींनाच विचार" म्हणतो. मी विचारणार नाही.

कंपनीला मेल टाकला. उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसानं लिहिलेलं नव्हतं. कृपया आपलं इंटरनेट तपासा. मामाजींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बत्तीसचे पैसे घेतले, एकोनीस देल्ले. तेराचे वापस मांग." मी आकडेमोड केली. 840 भागिले 32, गुणिले 13. तीनशे एक्केचाळीस रुपये पंचवीस पैसे. मधले हंस, तळं, राजवाड्यातला दरबार सगळं मामाजींनी फुकटात धरलं होतं. तसाच मेल पाठवला, हिशेबासकट.

कृपया आपलं इंटरनेट तपासा.