‘पगार नको, लाभांश घ्या’: हा सल्ला ऐकण्याआधी एवढं गणित करा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काजू-आंबा प्रक्रियावाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘प्रायव्हेट लिमिटेडच्या संचालकाने पगार घेऊ नये, लाभांश (कंपनीच्या नफ्यातला भागधारकाचा वाटा) घ्यावा. कंपनीने कर भरलेला असतो, म्हणून लाभांश करमुक्त. आंब्याच्या कंपनीचा लाभांश तर शेतीचंच उत्पन्न. मध्येच पैसे लागले तर कंपनीकडून उसने घ्या.’ यातलं प्रत्येक वाक्य आज चुकीचं आहे, आणि यावर विसंबून आपली माणसं खड्ड्यात जातील म्हणून हे लिहितोय.

लाभांश करमुक्त होता तो जुन्या काळात. तेव्हा लाभांश वाटताना कंपनीच वेगळा कर भरायची. १ एप्रिल २०२० पासून तो कर गेला आणि लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला, त्याच्या स्लॅबप्रमाणे. टीडीएस १० टक्के कापला म्हणजे विषय संपला, असंही नाही. ती फक्त आगाऊ कपात. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेला कर भरायचाच आहे.

मुख्य मुद्दा पुढे आहे. पगार हा कंपनीचा खर्च. तो वजा झाल्यावर नफा ठरतो. लाभांश मात्र कर भरून उरलेल्या नफ्यातून येतो. समजा, संचालकाच्या पगाराआधी काजू फॅक्टरीत १० लाख उरले आणि त्या संचालकाला दुसरं उत्पन्न नाही. ते सगळे पगार म्हणून घेतले तर कंपनीचा नफा शून्य. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करमाफी) आहे, पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. प्राप्तिकर शून्य. आता तेच लाभांशाने घ्या. २२ टक्के दर निवडलेली कंपनी अधिभार आणि उपकरासह २५.१६८ टक्के, म्हणजे २,५१,६८० रुपये भरणार. हाती ७,४८,३२०. रिबेटमुळे तुमचा कर इथेही शून्य, पण कंपनीने भरलेले अडीच लाख परत येत नाहीत. एका हंगामाच्या काजू बीच्या खरेदीला हे पैसे केवढा आधार देतात, ते फॅक्टरीवाल्याला सांगायला नको.

शेतीच्या उत्पन्नाचं म्हणाल तर तो वाद सर्वोच्च न्यायालयाने कधीच मिटवलाय. बाचा गुजदार यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. कंपनीचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं, म्हणून लाभांशही तेवढा करमुक्त, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही: कंपनी वेगळी, भागधारक वेगळा, लाभांश जमिनीतून नव्हे तर शेअरमधून येतो. आपल्या कलमांचा हापूस स्वतः पेटीने विकलात तर ते शेतीचं उत्पन्न. पल्पच्या कंपनीचा लाभांश नाही.

उसनवारी सगळ्यात धोक्याची. मोजक्या लोकांच्या हातातल्या घरगुती कंपनीत ज्याच्याकडे १० टक्के किंवा जास्त मताधिकार आहे, त्याने घेतलेलं कर्ज, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, लाभांशच मानलं जातं. पुढच्या महिन्यात परत केलंत तरी कर सुटत नाही.

पगारालाही अट आहे. तो कामाला साजेसा हवा, ठराव करून ठरवलेला आणि बँकेतून दिलेला. फॅक्टरीत पाऊलही न टाकणाऱ्या नातेवाइकाच्या नावे पगार दाखवलात तर अधिकारी तो खर्च नाकारू शकतो.