स्वामीजींचं नाव लावताय? मग आधी इतिवृत्ताची वही आणा

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं सेवा मंडळं निघतात. निघावीतच. पण बॅनर लागतो, एक रक्तदान शिबिर होतं आणि पुढं सगळं थंड. वाईट वाटतं.

स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा, सिंदगीचा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, १९३२ ला संन्यास, मग अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंग. त्या काळी निजामाच्या गश्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली! लोक वाचनालयाच्या, शाळेच्या आडोशानं जमायचे. आज सात सज्ञान माणसं एका खोलीत बसून ठराव करू शकतात. हा हक्क त्या पिढीनं मिळवून दिलाय. म्हणून माझ्या मते सभा नीट घेणं हाच त्यांचा खरा वारसा.

मंडळाच्या नोंदणीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानं किमान सात जण लागतात. सातही एकाच घरातले नकोत. पहिल्या भांडणात मंडळ फुटतं. नावाचे दोन-तीन पर्याय ठेवा, कारण स्वामीजींच्या नावाच्या संस्था आधीच खूप आहेत. ज्या जागेचा पत्ता देणार तिच्या मालकाचं संमतीपत्र घ्या. आधारवर नाव एक आणि अर्जावर दुसरं, एवढ्यावरूनही फाईल परत येते.

नियमावली दुसऱ्या संस्थेची झेरॉक्स काढून आणू नका. सभेची नोटीस किती दिवस आधी, कोरम म्हणजे किमान हजेरी किती, कार्यकारिणी किती वर्षांची, आणि सचिवानं सभा बोलावलीच नाही तर कोण बोलावणार, हे चार मुद्दे स्वतः लिहा. वाद नेमके इथंच होतात.

संस्थेची अशी नोंद झाल्यावर तीन महिन्यांच्या आत १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज! बहुतेक मंडळं इथंच अडकतात. बदल अर्ज मंजूर नाही म्हणून शेड्यूल १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि खात्यात पैसे असून शाळेच्या वह्या उधारीवर आणाव्या लागतात.

मंडळ बंद करायचं ठरलं तरी उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. संन्यास घेतलेल्या माणसाच्या नावाला हे कलम शोभतं. वर्गणी घेतानाच सगळ्यांना वाचून दाखवा.

हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. तेव्हा ऑगस्टअखेर ऑडिट उरका, वार्षिक सभा १७ सप्टेंबरलाच ठेवा. झेंडावंदन झालं की तिथंच सतरंजी टाकून जमा-खर्च मोठ्यानं वाचा, शंका विचारू द्या, आणि कार्यकारिणीची यादी पुढच्या १४ दिवसांत संस्था नोंदणी कार्यालयात पोचवा.